उजनीची पातळी कुठवर उतरणार, हे काठावरच्यांना आधी कळायला हवं

केळीबाग_करमाळा
सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, करमाळा तालुक्यात आमची केळी आणि ऊस आहे. आजोबांची मूळ जमीन पाण्याखाली गेली, उरलेला तुकडा पाण्याच्या कडेला राहिला. यंदा धरण भरलेलं असतानाच हा विषय काढतोय, कारण आटलेल्या वर्षी या विषयावर फक्त भांडणं होतात.

माझी मागणी एकच आहे. धरणाची पातळी कोणत्या महिन्यात कुठपर्यंत उतरणार, हे काठावरच्या प्रत्येक गावाला आधी, लेखी आणि मीटरमध्ये कळलं पाहिजे.

आज आपल्याला पेपरात टक्केवारी कळते. हे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) भरलं की शंभर टक्के. त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे या टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी. ते वापरायला लागलं की बातमीत ‘मायनस’ येतं. जून २०२४ मध्ये उजनी मायनस साठच्या जवळ गेली होती. पण आमच्या मोटारीला टक्क्यांशी देणंघेणं नाही. पाणी फुटवॉलपासून (पाइपाच्या पाण्यातल्या तोंडापासून) किती लांब गेलं, एवढंच तिला कळतं.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच थांबलं आणि जानेवारी २०२४ मध्येच मृतसाठ्याला हात लागला. त्या वर्षी काठावर काय झालं ते बाहेरच्यांना दिसत नाही. पाणी मागं सरलं की आधी पाइप वाढवायचा, मग केबल. केबल लांबली की दाब पडतो, मोटार गरम होते, जळते. मग चार-पाच जणांनी मिळून पोकलेन लावून चारी खणायची, पाणी मोटारीपाशी आणायचं. आठवड्यात पाणी चारी सोडून आणखी खाली जातं. पुन्हा चारी. रात्री केबल चोरीला जाते, ते वेगळंच. आणि हे सगळं केळीचे घड पोसत असताना, एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा बाग सोडता येत नाही आणि पाणी गाठताही येत नाही.

जूनमध्ये लागण करतानाच कुणी सांगितलं असतं की पुढच्या मार्चअखेर पाणी अमुक पातळीच्या खाली जाणार आहे, तर मी निम्मीच बाग लावली असती. जास्त पाणी द्या, अशी मागणी मी करत नाहीये. किती असेल ते आधी सांगा, एवढंच म्हणतोय.

---

इंदापूरकर_७७
सोमवार, रात्री १०.१५

दादा, शंभर टक्के पाठिंबा. आमच्याकडं पळसदेवच्या बाजूला तीच गत. पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. त्याच वेळी आम्ही त्याच चिखलात पाइप ओढत असतो.

एक शंका आहे. आपण काठावरचे काही मागायला गेलो की धरणाखालचे, कालव्यावरचे लोक लगेच सावध होतात. एप्रिल २०२१ मध्ये इंदापूरसाठी उजनीतून पाच टीएमसी उचलण्याचा निर्णय झाला आणि सोलापूर जिल्ह्यातून एवढा विरोध झाला की मे महिन्यात तो रद्द करावा लागला. तेव्हापासून ‘इंदापूर’ आणि ‘उजनी’ एका वाक्यात आलं तरी लोक भुवया उंचावतात.

---

शेवटची_चारी
मंगळवार, सकाळी ६.५०

मी मंगळवेढा भागातला, कालव्याच्या टोकाला. विरोध करायला आलोय, पण राग धरून नाही.

काठावरचा शेतकरी धरणातून थेट उपसा करतो. त्याला आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची, वाट बघायला लागत नाही. जोवर पाइप पोचतो तोवर त्याचं पाणी चालू. आमच्याकडं आवर्तन कधी सुटणार हे ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, ती कधी होणार ते कुणालाच माहीत नसतं, आणि सुटलं तरी टोकाला येईस्तोवर ज्वारी हातची गेलेली असते. आता तुम्ही म्हणताय पातळीची हमी द्या. उद्या मार्चमध्ये अमुक मीटरच्या खाली न्यायचं नाही असं कागदावर आलं, तर पहिलं कुणाचं आवर्तन रद्द होणार? आमचंच.

दुसरं. काठावर परवाना घेतलेल्या मोटारी किती आणि बिनपरवान्याच्या किती, हे तुम्हीच सांगा. पाणीपट्टी भरणारा आणि न भरणारा, दोघांना एकच पातळी का राखायची?

---

जुना_शाखाअभियंता
मंगळवार, दुपारी १२.०५

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. दोघांचंही ऐकलं. आधी थोडा हिशेब मांडतो, म्हणजे बोलणं एका पायावर येईल.

उजनीची पूर्ण संचय पातळी (शंभर टक्के भरल्यावरची) समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे सगळा उपयुक्त साठा जेमतेम पावणेसहा मीटरच्या थरात आहे. ५३.५७ ला ५.८ ने भागा. सरासरी एका मीटरमागे सव्वानऊ टीएमसी येतं. एवढं पाणी एवढ्या कमी उंचीत मावतं कारण जलाशय पसरट आहे, भरल्यावर सुमारे २९ हजार हेक्टर पाण्याखाली असतं. म्हणूनच उन्हाळ्यात बाष्पीभवनही जबर होतं.

आता नदीत ६,००० क्युसेकने (सेकंदाला ६,००० घनफूट) दहा दिवस पाणी सोडलं असं धरा. पाच टीएमसीच्या थोडं वर जातं. म्हणजे पातळी अर्धा मीटरहून किंचित जास्त उतरते. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर हे लक्षातही येत नाही. पण काठाची जमीन दोनशे मीटरला एक मीटर उतरत असेल, तर तेच पाणी शंभर मीटरहून जास्त मागं सरतं. करमाळा-इंदापूरकडं बरेच ठिकाणी उतार याहूनही कमी आहे. शिवाय मृतसाठ्यात गेल्यावर जलाशयाचा पसारा आकसत जातो, त्यामुळे तेवढंच पाणी काढलं तरी पातळी आधीपेक्षा जास्त उतरते. एप्रिलनंतर काठावरच्यांना ‘पाणी पळतंय’ असं वाटतं ते यामुळं. तो भास नाही.

तेव्हा मीटरमध्ये सांगा ही मागणी तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त आहे. पातळी रोज मोजली जाते, पातळी आणि साठा यांचं कोष्टक प्रत्येक धरणाचं असतं. नवीन काही शोधायचं नाही.

पण शेवटची_चारी यांचा मुद्दाही खरा आहे. पातळी कळवणं आणि पातळी राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उद्यापासून करता येईल. दुसरीला सगळ्यांची संमती लागेल.

---

सोलापूरची_लेक
मंगळवार, दुपारी ३.३०

सोलापूर शहराच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. धरणात शंभर टक्के असलं तरी. त्यामुळे उजनी भरली ही बातमी वाचून आम्हाला फार आनंद होतो असं समजू नका.

शहराच्या नावावर नदीत पाणी सुटतं तेव्हा पाच-सहा टीएमसी जातं. त्यातलं आमच्या पोटात किती जातं? ते पाणी भीमेच्या पात्रातून पंढरपूर, मंगळवेढा करत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं, मग टाकळीहून उपसून शहरात. वाटेत वाळू पिते, ऊन पिते, मोटारी ओढतात. पाणी पोचावं म्हणून नदीकाठच्या गावांची वीज बंद ठेवतात, म्हणजे त्यांचे हाल आणखी वेगळे. उजनीपासून समांतर जलवाहिनीची योजना आखली ती याच कारणासाठी. शहराला पाणी जलवाहिनीतून द्या, नदीतून नको. तसं झालं तर जे पाणी वाचेल त्यावर काठ आणि कालवा दोघांनी बसून बोलावं. तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडचं काढताय, आणि मधल्या वाळूत जातंय ते कुणीच मोजत नाही.

---

केळीबाग_करमाळा
मंगळवार, रात्री ८.२०

ताई, तुमचा मुद्दा मी माझ्या पहिल्या पोस्टमध्ये घालायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

शेवटची_चारी, तुम्हाला सरळ उत्तर देतो. बिनपरवाना मोटारी आहेत. भरपूर आहेत. आमच्या गावातही आहेत. त्यातल्या काहींनी अर्ज केलेत आणि ते वर्षानुवर्षं पडून आहेत, काहींनी केलेलेच नाहीत. माझं मत असं की पातळीचं वेळापत्रक जाहीर व्हावं आणि त्याच वेळी काठावरच्या उपशाची नोंदणीही व्हावी. कोण किती उचलतो हे माहीत नसताना पातळीचा अंदाज बांधणं कठीणच आहे. तेव्हा मोजमापाला आमची ना नाही.

फक्त एक ध्यानात घ्या. टंचाईत पहिली कुऱ्हाड कशावर पडते? काठावरच्या शेतीपंपांच्या विजेवर. तुमचं आवर्तन रद्द झालं की निदान बैठक होते, आमदार बोलतात, बातमी येते. आमची वीज एका आदेशानं कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डीपीपाशी गेल्यावर कळतं. कालवा सल्लागार समितीत कालव्यावरच्या गावांचा आवाज आहे. जलाशयाच्या काठावरच्या गावांचं तिथं नेमकं कोण बोलतं? ज्यांच्या जमिनी गेल्या म्हणून धरण झालं, त्यांची किमान एक खुर्ची असावी.

आमच्या भावकीतली काही घरं पुनर्वसनात खाली कालव्याच्या लाभक्षेत्रात गेली, काही काठावर राहिली. त्यामुळे ‘काठवाले’ आणि ‘कालवेवाले’ हे वेगळे लोक आहेत असं मला मानताच येत नाही. दिवाळीला एका पंगतीत बसतो आम्ही.

---

भिगवणचा_नावाडी
मंगळवार, रात्री ११.००

सगळे शेतीचं बोलतायत. पाण्यावर पोट असणारे आम्हीपण काठावरचेच.

आमचे दोन धंदे, मासे आणि पक्षी. कुंभारगाव, डिकसळ, भिगवण इथं हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकदंब हंस येतात. रोहितला उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण जानेवारीपर्यंत तुडुंब राहिलं की चिखल उघडा पडत नाही, पक्षी उशिरा येतात किंवा विखुरतात. म्हणजे शेतकऱ्याला भरलेलं धरण हवं आणि आम्हाला डिसेंबरपासून हळूहळू उतरणारं. ‘हळूहळू’ महत्त्वाचं. एकदम उतरलं तर चिखल चार दिवसांत वाळून भेगाळतो, त्यात पक्ष्याला खायला काही राहत नाही.

माशाचं उलटं. पाणी फार आटलं की मासा एका डबक्यात गोळा होतो, मग बारीक जाळ्यानं चिलापीची पिल्लंसुद्धा उपसतात. पुढच्या वर्षी बाजारात माल नाही. बंदी आहे, पण पाणी तळाला गेल्यावर ती पाळणार कोण?

आणि माणसं. काठावरची गावं होडीनं ये-जा करतात, कारण रस्त्यानं फेरा मोठा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाताना वादळात बोट उलटून सहा जण गेले. ते वाऱ्यामुळं झालं, पातळीमुळं नाही. पण पातळी बदलली की धक्का बदलतो, माणसं चिखलातून चालत जाऊन जिथं जमेल तिथं चढतात उतरतात. पातळीचं आधी कळलं तर धक्के कुठं लागतील ते तरी ठरवता येईल.

---

पंढरीनिवासी
बुधवार, सकाळी ९.१०

उन्हाळ्याचं सगळं पटलं. पण पातळीचा प्रश्न पावसाळ्यातही आहे, तो विसरू नका.

ऑक्टोबर २०२० मध्ये धरण काठोकाठ भरलेलं असताना अतिवृष्टी झाली. उजनीतून दोन लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग आला, नृसिंहपूरला नीरेचं पाणी मिळालं आणि चंद्रभागा पंढरपुरात शिरली. वाळवंटातली मंदिरं तर सोडाच, सखल भागातली घरं गेली. त्यामुळे ‘सप्टेंबरमध्ये शंभर टक्के झालंच पाहिजे’ असा धोशा कुणी लावला की आमच्या पोटात गोळा येतो. धरण १११ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मृतसाठा धरून १२३ टीएमसीपर्यंत भरतात. ती वरची पातळी काठावरच्या पिकांनाही बाधते असं ऐकतो. मग निदान त्या बाबतीत तुमचं आणि आमचं मत एक असायला हवं.

---

इंदापूरकर_७७
बुधवार, सकाळी ११.४५

बाधते काका. शंभरच्या वर गेलं की कडेच्या वावरात पाणी शिरतं. उभ्या उसात गुडघाभर. ही जमीन संपादित आहे की नाही यावर मग वाद. हद्दीचे दगड कुठं आहेत ते पन्नाशीच्या पुढच्या माणसांनाच ठाऊक, काही ठिकाणी त्यांनाही नाही.

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन खात्याची आहे, ती एका हंगामापुरती मिळते, ते सगळ्यांना मान्य आहे. त्यात पाणी शिरलं तर तक्रार नाही. पण मालकीच्या सातबाऱ्यावर पाणी आलं तर पंचनामा तरी व्हावा.

---

जुना_शाखाअभियंता
बुधवार, दुपारी १.३०

पावसाळ्यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाचं परिचालन वेळापत्रक असतं. कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत साठवायचं, त्यावर आलेलं पाणी सोडायचं. उजनीच्या बाबतीत अडचण अशी की वरच्या बाजूला पुणे जिल्ह्यातली मोठी धरणांची साखळी आहे. दौंडला विसर्ग वाढला की पुढचं ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये जागा मोकळी ठेवायची आणि सप्टेंबरअखेर भरायचं ही सर्वसाधारण रीत. परतीच्या पावसाला जागा ठेवली आणि तो आलाच नाही, तर उन्हाळ्यात सगळे विचारणार की पाणी का सोडलं. अधिकारी घाबरतो तो इथं. म्हणून हे वेळापत्रक लोकांसमोर असलं तर अधिकाऱ्यालाच आधार मिळतो. मी नोकरीत होतो तेव्हाही हेच म्हणत होतो.

आता उन्हाळ्याकडं. १५ ऑक्टोबरचा साठा धरून वर्षाचं सिंचनाचं नियोजन होतं, ही पद्धत आहेच. पण केळीबाग यांची अडचण अशी की त्यांची लागण जूनमध्ये आणि आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये होतो. ऑक्टोबरचा निर्णय त्यांच्या काही कामाचा नाही. म्हणून कोष्टक आधीच लिहून ठेवलेलं असावं. १५ ऑक्टोबरला साठा इतका असेल तर कालव्याला इतकी आवर्तनं, नदीत इतकं, आणि ३१ मार्चला व ३१ मेला पातळी साधारण अमुक. साठा त्याहून कमी असेल तर दुसरी ओळ, फारच कमी असेल तर तिसरी. शेतकरी जूनमध्ये तीनही ओळी वाचून आपला धोका आपण ठरवेल.

हे काही स्वप्न नाही. जायकवाडीसाठी मेंढेगिरी समितीनं असंच कोष्टक दिलं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४ च्या आदेशात ते घेतलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, किती ते आधीच लिहिलेलं. त्यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांची भांडणं अजून चालू आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण निदान भांडण एका कागदावर होतं, दरवर्षी नव्यानं नाही.

---

सिंहगडरोड
बुधवार, सायंकाळी ५.००

पुण्याचा आहे, गप्प वाचत होतो. पातळीच्या चर्चेत पाण्याच्या प्रतीचंही घ्या. आमच्या शहरांचं सांडपाणी मुळा-मुठेतून तुमच्याकडं येतं. पातळी जितकी खाली, तितकं ते पातळ व्हायला पाणी कमी. उन्हाळ्यात हिरवा थर आणि वास येतो त्यात आमचा हात आहे. कोष्टकात तळाची पातळी ठरवताना पिण्याच्या पाण्याची प्रत हाही निकष असावा. पुण्यातून या मागणीवर सह्या गोळा करून देण्याचं काम मी घेतो.

---

शेवटची_चारी
बुधवार, रात्री ९.२५

अभियंता साहेबांचं तीन ओळींचं कोष्टक मला मान्य होईल, एका अटीवर. आवर्तनाच्या तारखा आणि पातळी एकाच कागदावर असाव्यात. पातळीचा कागद वेगळा निघाला की तो आमच्याविरुद्ध वापरला जाणार. आणि तूट आली तर ती दोघांत वाटायची. कालव्याचे दिवस कमी केले तर त्याच प्रमाणात काठावरचा उपसाही कमी, परवान्याप्रमाणे मोजून.

ताईंचा नदीच्या पाण्याचा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. आमच्या आवर्तनापेक्षा जास्त पाणी तिथं वाचू शकतं.

---

केळीबाग_करमाळा
गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मुद्दे घेऊन निवेदनाचा मसुदा केलाय. वाचा आणि दुरुस्त करा. मान्य झालं की काठावरच्या आणि कालव्यावरच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडून एकत्र द्यायचं, वेगवेगळं नाही.

‘उजनी जलाशयाची पातळी ३० जूनपूर्वी तीन शक्यता धरून महिनावार मीटरमध्ये जाहीर करावी. त्याच पत्रकात कालव्याची आवर्तनं आणि नदीत सोडायचं पाणी यांच्या तारखा असाव्यात. काठावरच्या प्रत्येक गावात पातळी दाखवणारा खांब उभारावा. नियोजनात बदल करायचा झाल्यास, पूरस्थिती वगळता, पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावं. शेतीपंपांची वीज कमी करायची असल्यास तीच मुदत पाळावी. सोलापूर शहराचं पाणी शक्य तितकं जलवाहिनीतून द्यावं आणि त्यामुळं नदीतलं किती पाणी वाचलं ते दरवर्षी प्रसिद्ध करावं. काठावरच्या सर्व उपशाची नोंदणी करून मोजमाप बसवावं, प्रलंबित परवाने निकाली काढावेत. तूट आल्यास कालवा आणि उपसा यांत सारख्या प्रमाणात कपात व्हावी. पूर्ण संचय पातळीच्या वर साठा करायचा असल्यास बाधित सातबारा क्षेत्राचा पंचनामा व्हावा आणि परतीच्या पावसाच्या काळात ठेवायची मोकळी जागा जाहीर असावी. कालवा सल्लागार समितीत जलाशयाकाठच्या गावांचा आणि मच्छीमारांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असावा.’

---

भिगवणचा_नावाडी
गुरुवार, रात्री १०.५०

‘पातळी एकदम न उतरवता टप्प्यानं उतरवावी’ हे एक वाक्य घाला, बास.

---

शेवटची_चारी
शुक्रवार, सकाळी ६.३०

नावाड्याचं वाक्य घाला. खांबाबद्दल सुचवतो, धरणाकाठी जसा खांब तसा कालव्याच्या प्रत्येक चारीच्या तोंडालाही विसर्ग दाखवणारा फलक लागावा. आमच्या गावच्या ठरावाचं मी बघतो. रविवारी टेंभुर्णीत भेटू, दोन्हीकडच्यांना मधलं पडतं. अभियंता साहेब, पातळी-साठ्याचं कोष्टक छापून आणाल का? पंचवीस-तीस प्रती लागतील.